वकिलाला काय करायचंय बेंझीनचं?

"सायन्सचा उतारा दिसला की सोडून द्यायचा आणि पुढे जायचं. वेळ उरला तर परत यायचं."

लॉ-एन्ट्रन्सची तयारी करणाऱ्या मुलांना हा सल्ला कोणी ना कोणी देतंच. आमच्या भाचीला (बारावी आर्ट्स, मुक्काम रे रोड) तो तीन ठिकाणांहून मिळाला. क्लासच्या सरांनी दिला, कॉलेजातल्या एका सिनियरने दिला, आणि तिसरा घरच्या घरी, आमच्या धाकट्या मावशीकडून. मावशीने तर पुढचाही प्रश्न विचारला, "वकिलाला काय करायचंय गं बेंझीनचं?" (मावशी, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. रागावू नकोस, पण आजचा सगळा लेख तुझ्यावरच आहे.)

मला हा सल्ला पटत नाही. परीक्षेच्या हिशेबाने तो चुकीचा आहेच, पण त्यातून मुलांच्या डोक्यात जे बसतं ते जास्त वाईट आहे.

आधी हिशेब. क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा. ती २००८ साली सुरू झाली. २०२० पासून तिचं रूप पार बदललं, सुटे प्रश्न जाऊन उतारे आले. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि जवळजवळ सगळे कुठल्या ना कुठल्या उताऱ्यावर. चुकलं तर पाव मार्क कापतात. आता एका उताऱ्याखाली पाच-सहा प्रश्न असतात. उतारा सोडला की ते पाच-सहा मार्क गेले, तेही न वाचताच. ज्या परीक्षेत एकेका मार्काने कॉलेज बदलतं, तिथे ही दानशूरता कशासाठी?

दुसरी आपली महाराष्ट्राची सीईटी. राज्याच्या सीईटी कक्षाने ती २०१६ पासून सुरू केली. आधी १५० प्रश्न होते, आता १२०. मराठीतून देता येते आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. १८५५ सालचं आपलं चर्चगेटचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज काय किंवा उपनगरातलं एखादं कालपरवाचं कॉलेज काय, दार हेच. तिच्यात सामान्य ज्ञानाच्या विभागात सामान्य विज्ञानही येतं.

म्हणजे विज्ञान दोन वेगवेगळ्या वेषांत येतं, आणि लोक दोन्हींना एकाच काठीने हाकतात. गोंधळ तिथेच आहे.

पहिला वेष पाठांतराचा. अमुक जीवनसत्त्व कमी झालं तर कुठला रोग, तमुक राशीचं एकक काय, निळा लिटमस कशात लाल होतो. या प्रश्नांबद्दल माझं मत सरळ आहे : ते काढून टाका. स्कर्व्ही कशाने होतो हे माहीत असलेला मुलगा चांगला वकील होईल आणि विसरलेला होणार नाही, असं कोणी छातीठोक सांगू शकेल का? पण ते आहेत तोवर त्यांचा बाऊ करू नये. आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं एकदा चाळावीत. (हो, आर्ट्सवाल्यांनीसुद्धा दहावीपर्यंत विज्ञान शिकलेलंच असतं, कोणी मंगळावरून येत नाही.) परीक्षेत वीस सेकंदांत आठवलं तर ठीक, नाही आठवलं तर अंदाजाने एक पर्याय निवडून पुढे जावं, सीईटीत त्याचा दंड नाही.

दुसरा वेष उताऱ्याचा, आणि आपलं भांडण त्याच्याबद्दल आहे. या उताऱ्यात जीन असेल, हवेतले कण असतील, एखादं औषध असेल, पण जे लागतं ते सगळं तिथेच छापलेलं असतं. क्लॅटवाले कायद्याच्या प्रश्नांबद्दलही हेच सांगतात, की कायदा आधी माहीत असण्याची गरज नाही. अमेरिकेतली एलसॅट १९४८ पासून चालू आहे. तिच्या वाचन-विभागात कायदा, समाजशास्त्र, साहित्य-कला यांच्या जोडीला विज्ञानाचाही उतारा ठरलेला. तिथेही बाहेरचं ज्ञान लागत नाही. म्हणजे ही परीक्षा विज्ञानाची नाहीच. ज्या विषयात आपण परके आहोत तिथे कोणी काहीतरी दावा करतंय, तो नीट वाचून तोलता येतो का, एवढंच ती विचारते.

आणि मावशी, वकिली म्हणजे दुसरं काय असतं?

आता रे रोडवरच बघू. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे (१८८५ ते १८९०) यांच्या नावाचं हे स्टेशन. १९१० साली हार्बर लाइन पहिल्यांदा धावली ती कुर्ल्यापासून इथपर्यंत. लोकांना आमचं स्टेशन म्हणजे खिडकीतून दिसणारी गोदामं आणि भंगार एवढंच माहीत. त्या भंगारामागे दारूखाना. (नावातली दारू तोफेची, बाटलीतली नव्हे. इंग्रज तिथल्या धक्क्याला पावडर बंदर म्हणायचे.) या दारूखान्यात वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली. जुन्या जहाजांत बॉयलरभोवती, पाइपांभोवती उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. ते हातांनी ओरबाडून काढायचं म्हणजे त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासातून छातीत जाणार.

आता मी एक उतारा बनवतो, परीक्षेत येतो तसा.

अॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसात गेले की शरीर त्यांना सहजासहजी बाहेर टाकू शकत नाही. त्यातून अॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होऊ शकतो. एक कामगार नोकरी सोडल्यावर पंधरा वर्षांनी आजारी पडतो. मालक म्हणतो : "तो गेला तेव्हा आम्ही एक्स-रे काढला होता, छाती स्वच्छ होती. नंतर तो आमच्याकडे फिरकलाही नाही. तेव्हा या आजाराशी आमचा संबंध नाही."

प्रश्न : मालकाचं म्हणणं सगळ्यात जास्त कशाने लंगडं पडतं? (अ) अनेक देशांनी अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. (ब) धूम्रपानानेही फुफ्फुसाचा कर्करोग होतो. (क) तंतू शरीरात गेल्यानंतर आजार दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षं लागतात. (ड) मालक कामगारांना मास्क देत असे.

मेसोथेलिओमाचा उच्चारही आला नाही तरी उत्तर काढता येतं. मालकाची सगळी मदार एका न बोललेल्या गृहीतावर आहे : नुकसान झालं असतं तर ते लगेच दिसलं असतं. (क) नेमकं ते गृहीत मोडतो. (अ) खरं आहे, पण या कामगाराला काय झालं याबद्दल काहीच बोलत नाही. (ब) सुद्धा खरं आहे, पण त्याने उलट मालकालाच मदत होते. (ड) चंही तेच.

आणि इथे एक गंमत सांगतो. अशा प्रश्नात सायन्सवाली मुलं नेहमीच पुढे असतात असं समजू नका. त्यांना (अ) माहीत असतं, ते खरं आहे हेही माहीत असतं, आणि खरं दिसलं की हात तिकडे जातो. विचारलेलं असतं उपयोगी काय ते, खरं काय ते नव्हे. ज्याला विषयातलं काही माहीत नाही तो निमूटपणे उताऱ्याला धरून राहतो. आर्ट्सवाल्यांनी घाबरायचं कारण नाही असं मी म्हणतो ते त्यांची समजूत काढायला नाही, हे कारण आहे.

हा उतारा मी हवेतून काढलेला नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात अॅस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. आणि मालकांना हुकूम केला की प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची. एवढी लांब मुदत का, हे वरचा उतारा वाचलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. ज्याने तो उतारा "सायन्स आहे" म्हणून सोडला त्याला मात्र हा निकाल कारकुनी हुकमासारखा वाटेल.

रे रोडवरून दोन स्टेशनं पुढे जा. कॉटन ग्रीन, मग शिवडी. शिवडीला महापालिकेचं टीबीचं मोठं इस्पितळ आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन नावाचं औषध आहे. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर आणखी एक पेटंट मागितलं होतं. ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. त्याविरुद्ध हरकत घेणाऱ्यांत मुंबईची नंदिता वेंकटेशन होती, टीबीतून उठलेली आणि औषधांच्या दुष्परिणामात ऐकू येणं गेलेली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी रसायनशास्त्राचा प्रश्न आहे : ओळखीच्या औषधाचा नवा क्षार बनवला तर तो नवा शोध म्हणायचा का? आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं, माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप म्हणजे शोध नव्हे, त्याची परिणामकारकता वाढलेली दिसली पाहिजे. नोव्हार्टिसच्या ग्लिवेक खटल्यात (१ एप्रिल २०१३) सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट केलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातली परिणामकारकता. आता याचा प्रश्न कसा होईल बघा. नियम दिलाय. मग वस्तुस्थिती : कंपनी म्हणते आमचा नवा क्षार ओल्या हवेत टिकतो आणि गोळी करायला सोपा जातो. पेटंट द्यायचं? क्षार म्हणजे काय ते ठाऊक नसलं तरी चालेल. टिकणं आणि गोळी करणं हे रोग बरा करण्याबद्दल बोलत नाही, एवढं दिसलं की झालं. नियमातला एक शब्द घट्ट धरायचा आणि वस्तुस्थिती त्याला लावून बघायची.

बेंझीनचं विचारत होतीस ना मावशी? चेंबूरजवळच्या माहुलचं नाव ऐकलं असशील. तिथल्या हवेतल्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२० साली चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरायला सांगितले. बेंझीन हे त्याच जातीचं संयुग. हे न्यायाधिकरण २०१० सालापासून आहे आणि त्यात न्यायाधीशांच्या शेजारी तज्ज्ञ सदस्य बसतात. तशी कल्पना न्या. भगवतींनी १९८६ मध्येच, दिल्लीच्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात मांडली होती. आता तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (१ जुलै २०२४ पासून लागू) म्हणते की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं. साधा फौजदारी वकीलसुद्धा यापुढे प्रयोगशाळेच्या कागदापासून सुटणार नाही.

आता समोरच्यांचं म्हणणं. ते अगदीच टाकाऊ नाही, म्हणून घेतो.

एक म्हणणं असं, की वकिलाला सगळं कशाला यायला हवं, कोर्टात तज्ज्ञ येतोच की. येतो. पण तज्ज्ञाचं मत कोर्टावर बंधनकारक नसतं, तो एक पुरावा असतो, आणि त्याची उलटतपासणी वकीलच घेतो. "डॉक्टरसाहेब, तुम्ही संबंध आढळला असं लिहिलंय, कारण आहे असं नाही लिहिलं, बरोबर?" हा प्रश्न विचारायला एमबीबीएस लागत नाही. पण हे दोन शब्द वेगळे आहेत हे कळावं लागतं. ज्याला कळत नाही तो तज्ज्ञाच्या इंग्रजीसमोर मान डोलावतो आणि खाली बसतो.

दुसरं म्हणणं, हा आर्ट्सच्या आणि मराठी माध्यमाच्या मुलांवर अन्याय आहे. यात तथ्य आहे. इंग्रजीतला विज्ञानाचा उतारा त्यांना जड जातो हे मी डोळ्यांनी बघतो. पण त्यावर उपाय काय? उतारे काढून टाकले तर परीक्षा सोपी होईल, पुढचं कोर्ट सोपं होणार नाही. आणि खरं सांगायचं तर मराठी माध्यमाच्या मुलाकडे एक हत्यार असतं, ते कोणी त्याला काढून दाखवत नाही. अँटीबॉडी या शब्दाकडे बघून इंग्रजी माध्यमवाल्याला फारसं काही कळत नाही. आपल्या पुस्तकात तो प्रतिपिंड असतो, अँटिजेन प्रतिजन, अँटिबायोटिक प्रतिजैविक. 'प्रति' दिसलं की कोणीतरी कोणाच्या तरी विरुद्ध उभं आहे एवढं तर लगेच कळतं. अर्धा उतारा तिथेच उलगडतो.

मग करायचं काय? भाचीला सांगितलं तेच लिहितो.

एक, अवघड शब्द म्हणजे माणसाचं नाव समजा. गोष्टीत श्रीनिवासराव आले तर आपण त्यांच्या नावाचा अर्थ शोधत बसतो का? ते काय करतात ते बघतो. मेसोथेलिओमा काय करतो ते बघा आणि पुढे चला.

दोन, वाचताना चार गोष्टींखाली रेघ ओढा : दावा कोणाचा, कशामुळे काय होतं म्हणतायत, पुरावा काय दिलाय, आणि 'परंतु' कुठे आहे. विज्ञानाच्या उताऱ्यात 'परंतु' हा सगळ्यात महागडा शब्द. प्रश्न बहुतेक त्याच्या आसपासच असतो.

तीन, 'होतं', 'होऊ शकतं', 'शक्यता आहे', 'संबंध दिसला' यांच्यातला फरक सोनाराच्या काट्यावर तोला. उताऱ्यात 'होऊ शकतं' असेल आणि पर्यायात 'होतंच', तर तो पर्याय बाद.

चार, आकडे दिसले की लगेच गणित करायला बसू नका. टक्के आहेत की संख्या, आणि कशाचे टक्के, एवढं बघा. विचारलं तरच करा.

पाच, आपल्याला बाहेरून माहीत असलेलं दाराबाहेर चपलांबरोबर ठेवा.

आणि सराव. रोज विज्ञानाची एक बातमी किंवा एक लेख, इंग्रजीत शक्य असेल तर इंग्रजीत, नाहीतर मराठीत. मराठी विज्ञान परिषदेचं मासिक आहे, ते वाचा. वाचून झालं की पुस्तक मिटून दोन वाक्यांत घरच्यांना सांगा : कोण काय म्हणतंय, आणि मला ते कितपत पटलं. आजीला समजलं तर तुम्हाला समजलं.

राग येण्याचं खरं कारण शेवटी सांगतो. "सोडून दे" हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही. ज्या घरात इंग्रजी मासिकं येतात, ज्यांचे काका-मामा डॉक्टर-इंजिनियर आहेत, ती मुलं असले उतारे सोडत नाहीत. सोडतात ती दारूखान्याच्या, कॉटन ग्रीनच्या, शिवडीच्या चाळीतली मुलं, कारण त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं की हे तुमचं नव्हे. पुढे कंपनीच्या बाजूने जो वकील उभा राहतो त्याला रसायनशास्त्र समजावून सांगायला कंपनीकडे माणसं असतात. भंगार तोडणाऱ्याच्या बाजूने जो उभा राहील त्याला ते रात्री जागून स्वतःच वाचावं लागणार आहे. आणि त्याला आपण अठराव्या वर्षीच शिकवतोय, की असं काही दिसलं की पान उलट.

भाची सध्या रोज एक उतारा सोडवते. चुकतात, पण सोडत नाही. मावशी, पुढच्या वेळी घरी येशील तेव्हा तिला बेंझीनबद्दल विचार. मात्र वेळ काढून ये, ती आता सुरू झाली की थांबत नाही.

बाकी मंडळींपैकी कोणी या परीक्षा दिल्या असतील, किंवा घरात कोणी देत असेल, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. पाठांतराचे प्रश्न राहावेत असं म्हणणारं कोणी असेल तर त्यांनीही लिहा, भांडायला मजा येईल.